ओगासावाराच्या पाण्यात तुम्ही एकटे

तुम्हाला मी पहिले काही दिवस बाल्कनीत ठेवलं होतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण मोरीता-सानकडून तुम्हाला कळेलच असं मला अजून वाटतं. अस्थी घरात आणायच्या नाहीत, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं की दुसरा विचारच आला नाही. माझ्या वडिलांच्या अस्थी गुरुजींनी परसातल्या झाडाच्या फांदीला टांगायला लावल्या होत्या. तोक्योत, एदोगावातल्या सातव्या मजल्यावर फांदी कुठून आणू? उन्हाळ्यात आपली तुळस जिथे असते त्या तिवईवर धुतलेलं फडकं घातलं, त्यावर तुम्हाला ठेवलं आणि काचेचं दार ओढून घेतलं. आपला निखिल मेलबर्नला परत गेला होता. घरात मी एकटी, आणि काचेपलीकडे तुम्ही.

मग एका सकाळी बेल वाजली. शेजारच्या मोरीता-सान दारात. गादी वाळत घालताना त्या कठड्यावरून वाकल्या, तेव्हा पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी त्यांना दिसली असणार. नेहमीप्रमाणे आधी हवेबद्दल बोलून झालं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ओकुसान, तुमचे यजमान बाहेर आहेत."

"हो. आमच्याकडे तशी रीत आहे."

"असं का." मग त्या म्हणाल्या, "आज वारा उत्तरेचा आहे."

एवढंच बोलून, दोनदा वाकून नमस्कार करून त्या गेल्या. मी दार लावलं, सरळ बाल्कनीत गेले आणि तुम्हाला उचलून आत आणलं. पेटी इतकी गार पडली होती की मी ती माझ्या शालीत गुंडाळली. मग स्वतःचीच लाज वाटली म्हणून शाल काढली. मग पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी मोरीता-सान पुन्हा आल्या. हातात कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातला गरम कॉफीचा डबा. तो त्यांनी दोन्ही हातांनी तुमच्यापुढे ठेवला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. तुम्ही रोज सकाळी नदीकाठच्या बाकावर बसून तीच कॉफी पीत होता, म्हणाल्या. मला हे माहीत नव्हतं. तुमची कॉफी डॉक्टरांनी बंद केली होती आणि तुम्ही मला 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून सांगत होता. अहो, यावर भांडायचं राहून गेलं. आता कुणाशी भांडू? मोरीता-सानशी?

तेव्हापासून तुम्ही जेवणाच्या टेबलाच्या टोकाला आहात, आणि प्रश्न हा आहे की तुम्हाला न्यायचं कुठे. निखिलचं म्हणणं नाशिक. तुमचं म्हणणं ओगासावारा. तिथून परत येताना बोटीच्या डेकवर तुम्ही ते म्हणालात, आणि ऐकायला मी एकटीच होते. निखिलला मी सांगितलं तेव्हा मागून तन्वीने विचारलं, "आज्जी, बट व्हाय सो फार?" ईशानने नकाशात शोधलं तर त्याला नुसतं निळं दिसलं. मी म्हणाले, लिहून पाठवते, बाबा वाचून दाखवेल. पण लिहायला बसले आणि मुलांसाठी एक वाक्य सुचेना. इतकी वर्षं जे काही बोलायचं ते तुमच्याशीच बोलले. तेव्हा हे तुमच्याशीच बोलते. मुलांनी शेजारी बसून ऐकावं.

जायच्या आधी आपण किती भांडलो ते आठवतंय ना? स्टेशनवरून तुम्ही ओगासावारा बेटांचं एक पत्रक घेऊन आलात. समोर निळंशार पाणी आणि एक पांढरा किनारा, त्यावर चिटपाखरू नाही. पत्ता म्हणे तोक्यो. आपल्याच शहराचा भाग, पण समुद्रात हजार किलोमीटर दक्षिणेला. मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. विमानतळ नाही. बोटीने अख्खा दिवस आणि अख्खी रात्र. तीच बोट तिथे काही दिवस थांबते आणि परत येते, बाकी काही नाही.

"आणि मध्येच तुम्हाला काही झालं तर?" मी विचारलं.

"झालं तर तिथे होईल."

"नीट उत्तर द्या."

"हेच नीट उत्तर आहे, हेडमिस्ट्रेस."

मी कधी हेडमिस्ट्रेस नव्हते. भारतीय मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, तेवढंच. पण माझ्या गोळ्यांच्या डब्या, त्यावरच्या चिठ्ठ्या, कचऱ्याच्या वारांचा फ्रिजवरचा तक्ता हे पाहून तुम्ही मला ही पदवी दिली ती दिलीच. तुमचं हृदय त्या वेळी निम्म्या ताकदीने चालत होतं. डॉक्टर 'जाऊ नका' म्हणाले नाहीत. 'तुमची इच्छा असेल तर आत्ताच जा' म्हणाले. त्या वाक्यात काय होतं ते तुम्हाला तिथेच कळलं. मला मात्र घरी येऊन भात लावताना कळलं. मग मी बॅग भरायला घेतली.

बोट बेटाला लागली तेव्हा उतरायच्या दारापाशी ओल्या चटया अंथरल्या होत्या. बुटांचे तळवे घासून पुसायचे, पिशव्यांचे तळ बघायचे, कपड्यांवरून चिकट रूळ फिरवायचा. बाहेरचं बी नको, मातीचा कण नको, एखादा किडा नको. इथली झाडं, इथल्या गोगलगाई जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, त्यामुळे बाहेरच्या एका बीनेही घात होतो, असं तिथली मुलगी समजावत होती. तुमच्या लोकरी मोज्यांना एदोगावा नदीच्या काठची कुसळं चिकटली होती. तिने तुम्हाला खुर्ची दिली, खाली बसून तुमचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि एकेक कुसळ काढायला लागली. तुम्ही अवघडून माझ्याकडे पाहिलंत आणि मराठीत म्हणालात, "विजू, लग्नात सासऱ्यांनी पाय धुतले होते, त्यानंतर आज. सासुरवाडीला आलोय बघ."

"गप्प बसा. म्हातारे आहात म्हणून करतेय ती."

"जावई म्हणून करतेय."

गेल्या कित्येक महिन्यांत तुम्ही इतक्या मोकळेपणी हसला नव्हता.

बंदरावरून वर जाताना रस्त्याच्या कडेला मुळांच्या काठ्या टेकून उभी राहिलेली झाडं दिसली आणि तुम्ही ओरडलात, "केवडा! अगं, हा तर केवडा!" गुहागरचा माणूस, केवडा ओळखणारच. वास घ्यायला नाक आत घातलंत, पानाच्या काट्याने गाल ओरबाडला, आणि वास काही आला नाही. तिथला केवडा निराळा. तरी तुम्ही त्या झाडाची समजूत घालत असल्यासारखे उभे होतात. "असू दे, असू दे," म्हणालात.

खानावळीच्या सेत्सुको-सानने पहिल्याच संध्याकाळी तुम्हाला मोठ्या कौतुकाने कासवाचा रस्सा वाढला. तुम्ही त्यांना जपानीत समजावलंत की आमच्याकडे कासव हा देवाचा अवतार आहे. त्या गंभीरपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "आमच्याकडे आलं घालून शिजवतात." मग दोघंही इतके हसलात की तुम्हाला खोकल्याची उबळ आली. मी पाठीवर हात फिरवत बसले. हसू नका, हेसुद्धा सांगायची वेळ आली होती.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, आजोबांना हे बेट आवडलं ते एवढ्यासाठी का? नाही. त्यासाठी अजून एका बेटावर जावं लागेल. मोठ्या बेटाच्या टोकापुढे समुद्रात एक लहानसं बेट आहे. तिथे कुणी राहत नाही. दिवसाला मोजक्याच लोकांना नेतात. धक्का नाही. होडीवाला होडीचं नाक खडकाला टेकवून धरतो आणि एकेकाने उडी मारायची. त्याआधी समुद्राच्या पाण्यात पुन्हा बूट धुवायचे.

मी म्हणाले, आपण होडीतूनच बघू. तुम्ही म्हणालात, "बघू." लाट आली, होडी वर गेली, वाटाड्याने हात पुढे केला आणि तुम्ही उडी मारलीत. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा तुम्ही खडकावर उभे राहून मला म्हणत होतात, "ये, सोपंय." ते सोपं नव्हतं. माझा गुडघा अजून दुखतो.

वाट ठरलेली होती. फक्त ठेवलेल्या दगडांवर पाय द्यायचा. वाटाड्या पुढे, मग तुम्ही, मग मी. टेकडी चढून पलीकडे उतरलो आणि खाली ते पत्रकातलं पाणी होतं. चहूबाजूंनी खडक, खडकात एक कमान, कमानीतून आत आलेला समुद्र, आणि पांढरी वाळू. त्या वाळूवर गोगलगाईंचे शंख पसरले होते. हजारोंनी, आपल्याकडे अंगणात प्राजक्त पडावा तसे. तुम्ही खाली वाकून एक उचललात.

"ह्या जिवंत नाहीत," वाटाड्या म्हणाला. "ही जातच संपली. शेकडो वर्षं झाली असतील. तेव्हापासून अशाच पडून आहेत. कृपा करून जिथून घेतला तिथेच ठेवा."

तुम्ही शंख ठेवायला गेलात आणि तुमच्या लक्षात आलं की नेमका कुठून घेतला ते सापडत नाही. गुडघ्यावर बसलात. वाळूत शंखाचा उमटलेला लहानसा खळगा शोधायला लागलात. बाकीचे लोक पुढे गेले. मी म्हणाले, "अहो, इकडे काय न् तिकडे काय, ठेवा कुठेही." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कुठेही कसं? याला इतकी वर्षं कुणी हलवलं नाही."

तो खळगा तुम्हाला सापडला. शंख त्यात ठेवलात, बोटाने जरा फिरवून नीट बसवलात, आणि तरी उठला नाहीत. मी पाठमोरी उभी राहून समुद्र बघत होते. तुमचा श्वास ऐकू येत होता. आपल्याला कंपनीने मुंबईहून कोबेला आणलं, परत मुंबईला नेलं, मग ओसाका, मग तोक्यो. 'ही शेवटची बदली' हे वाक्य मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे तुम्ही ते म्हणायचं सोडलंत. निखिलच्या शाळा बदलल्या, माझ्या नोकऱ्या सुटल्या, गुहागरचं घर भावाने विकलं. त्या वाळूवर बसून तुम्हाला काय वाटलं ते तुम्ही बोलला नाहीत. मी ओळखलं. ओळखलं आणि मला भीती वाटली, कारण तुमच्या चेहऱ्यावर मोह होता.

परतीच्या दिवशी सगळं गाव धक्क्यावर आलं होतं. ढोल वाजत होते. सेत्सुको-सानने गळ्यात पानाफुलांची माळ घातली. बोट सुटली तशा दहा-बारा होड्या तिच्या मागे धावायला लागल्या. होड्यांवर पोरं-पोरी उभ्या, आणि सगळ्यांचं एकच ओरडणं, "इत्तेराश्शाई! इत्तेराश्शाई!" घरातून शाळेला निघालेल्या मुलाला जपानी आई म्हणते तेच. जाऊन ये. मग बंदराच्या तोंडाशी होड्या थांबल्या आणि त्या पोरांनी एकेक करत समुद्रात उड्या मारल्या आणि पाण्यातून हात हलवत राहिली. तुम्ही कठडा धरून रडत होता. मी रुमाल पुढे केला, तो तुम्हाला दिसला नाही.

होड्या ठिपक्याएवढ्या झाल्यावर तुम्ही म्हणालात, "विजू, मला इथे सोड."

मला आधी वाटलं, तुम्ही परत जायचं नाही म्हणताय. म्हणाले, "चला, वारा लागतोय."

"आत्ता नाही गं. नंतर."

मग मला कळलं. मी म्हणाले, "इथे मातीचा कण आणू देत नाहीत, आणि तुम्हाला सोडू देतील?"

"मी तर धुऊन-पुसून आलोय."

"आणि पाण्यात टाकलेलं एका जागी राहतं का कधी? वाहूनच जाणार."

"वाहू दे. कुणी उचलून तर नेणार नाही."

मी विचारलं, "आणि मी?"

तुम्ही गळ्यातली माळ काढून पाण्यात टाकलीत. तशी तिथली रीत आहे. माळ किनाऱ्याला लागली तर माणूस परत येतो म्हणतात. मग माझ्याकडे वळून हसत म्हणालात, "हे चिचिजिमा, म्हणजे बाप-बेट. त्याच्या खाली दोन तासांवर हाहाजिमा आहे, आई-बेट. तुला तिकडे. भांडण झालं तर मधे समुद्र असलेला बरा."

मी हसले नाही. तुम्हाला वाटलं मला थंडी वाजतेय. मला तुम्ही तुमचा कोट दिलात आणि आपण आत गेलो. मी मेतकूट-भात कालवला, तुम्ही चार घास खाल्लेत, आणि तो विषय तिथेच राहिला.

घरी आल्यावर तुम्ही तो पुन्हा काढला नाहीत. हॉस्पिटलात शेवटचे आठवडे तुमच्याजवळ बसले होते, तेव्हाही नाही. मीही काढला नाही. विचारायचं म्हणजे तुम्ही जाणार हे मान्य करायचं, आणि मी तर रोज फळं कापून नेत होते. तुम्ही खात नव्हता. मी ती तशीच परत आणून रात्री उभ्यानेच खात होते, टाकवत नाहीत म्हणून.

लोक सांगतात, ते आहेतच आसपास. फोनवर सांगतात, मेसेज पाठवतात. मोरीता-सान रोज तुमच्याशी दोन शब्द बोलतात. मीही बोलते. पण अहो, तुम्ही नाही आहात. मी खूप लक्ष देऊन ऐकलंय. फ्रिजचा आवाज येतो, खालून सायकली जातात, पाच वाजता पालिकेच्या भोंग्यावर मुलांना घरी बोलावणारं ते गाणं वाजतं, आणि तुम्ही नसता. ज्यांना आसपास वाटतं त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझ्या वाट्याला ते आलेलं नाही.

तुम्ही नाही हे मला नक्की कुठे कळलं ते सांगते. स्मशानात. इथे दहन झाल्यावर घरच्यांना आत बोलावतात आणि जेवायच्या असतात तशा पण लांब काड्या हातात देतात. दोघांनी मिळून एक हाड उचलायचं आणि भांड्यात ठेवायचं. आपल्याकडे अस्थी तांब्यात मावतात, बाकीची राख होऊन जाते. इथे माणूस जवळजवळ सगळा परत देतात. मी आणि निखिल समोरासमोर उभे होतो. तिथला माणूस हळू आवाजात सांगत होता, हे पायाचं, हे मांडीचं. पायांकडून सुरुवात करायची, म्हणजे भांड्यात माणूस उलटा होत नाही. लहानपणी शाळेत डबा खाताना निखिलने मित्राच्या काडीतून आपल्या काडीने मासा घेतला, तेव्हा बाई का रागावल्या होत्या, ते त्याला त्या दिवशी कळलं असेल: दोघांच्या काड्यांनी मिळून फक्त हाडच उचलायचं असतं. बायकांनी स्मशानात जायचं नाही अशा घरात मी वाढले. आणि तुमच्या गुडघ्याचं हाड मी माझ्या हाताने उचललं. त्या खडकावर ज्याने उडी मारली होती तेच.

मोरीता-सान म्हणतात, एकोणपन्नास दिवस माणूस घरात असतो, मग त्याला त्याच्या जागी पोचवायचं. ते दिवस सरत आले. म्हणून गेल्या आठवड्यात मी सेत्सुको-सानना फोन लावला.

त्यांनी तुम्हाला लगेच ओळखलं. "कासव न खाणारे," म्हणाल्या, आणि मग मी कशासाठी फोन केला ते त्यांनी नीट ऐकून घेतलं. त्या लहान बेटावर तर नाहीच, म्हणाल्या. तिथे कुणी काहीच ठेवू शकत नाही. मासे धरतात तिथेही नाही. पण त्यांचा दीर होडी चालवतो. लांब उघड्या समुद्रात, जिथून ते बेट दिसतं, तिथे तो नेईल. फुलांच्या नुसत्या पाकळ्या चालतील, दोरा नको, कापड नको.

"आणि ओकुसान, एक सांगायचं राहिलं. हाडं अशी टाकता येत नाहीत. पूड करून आणावी लागते."

"पूड?"

"बारीक. पिठासारखी. तसा नियम आहे."

फोन ठेवल्यावर मी तुमच्याकडे बघत बसले. सगळं नीट विचारून घ्यायची माझी सवय. म्हणून हे काम करणाऱ्या एका ठिकाणी फोन केला. तिथली मुलगी फार अदबीने बोलत होती. यंत्र आहे, म्हणाली. तासाभराचं काम. घरच्यांना शेजारच्या खोलीत बसता येतं.

मी विचारलं, "आवाज येतो का?"

"थोडा येतो," ती म्हणाली. "माफ करा."

निखिलला सांगितलं तर तो ओरडलाच. "आई, तू काय बोलतेयस? बाबांना दळून आणायचं?"

"असं म्हणू नकोस."

"मग कसं म्हणू? बाबा मस्करी करत असतील तिथे डेकवर."

"तुझ्या बाबांची मस्करी मला कळते. ती त्यांनी नंतर केली."

"नाशिकला निदान गुरुजी आहेत, काका आहेत."

"काकांना आता तूही आठवत नाहीस. आणि नाशिकला आपण कधी राहिलो?"

"मग इथे आण. मेलबर्नला."

"त्यांनी मागितलेली जागा ती नाही."

पलीकडे ईशान काहीतरी विचारत होता आणि तन्वी त्याला गप्प करत होती. मग निखिल वेगळ्याच आवाजात म्हणाला, "ठीक आहे. मी येतो. तू त्या खोलीत एकटी बसू नकोस. आपण दोघं जाऊ बोटीने." आणि मग म्हणाला, "पण तुझं काय? ते आत्ताच सांगून ठेव. तुझ्या वेळी मला पुन्हा असं कुणाकडून तरी कळायला नको. तुलाही तिथेच सोडायचं ना?"

'हो' म्हणायला मी तोंड उघडलं. इतकी वर्षं तुम्ही जिथे तिथे मी, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण फोनच्या पडद्यावर कोपऱ्यात तन्वीचा अर्धा चेहरा दिसत होता. ती ऐकत होती. ही मुलं त्या बोटीत एकदा बसतील, फार तर. दिवसभर, रात्रभर समुद्र बघून कंटाळतील, आणि पोचल्यावर त्यांना दाखवायला पाणीच असेल. मग ती मोठी होतील आणि आजी कुठे आहे असं कुणी विचारलं तर नकाशात निळ्यावर बोट ठेवतील.

मी म्हणाले, "तुझ्या घरापासून बसने जाता येईल अशी एखादी जागा बघ."

"आई?"

"दगड असू दे. नाव असू दे वर. मुलांना वाचता येईल अशा अक्षरांत."

"आणि बाबा?"

"ते तिथे. मी तुमच्याजवळ."

तो रडायला लागला. मी रडले नाही. मला फार थकवा आला होता.

तर असं ठरलंय. निखिल आला की आपण त्या यंत्राच्या ठिकाणी जाऊ. मी शेजारच्या खोलीत बसेन, आवाज संपेपर्यंत बसेन. मग बोटीने तुम्हाला घेऊन जाऊ आणि तुम्ही सांगितलं होतं तसं, शक्य तितक्या जवळ, तुम्हाला सोडू. ते काम मी नीट करीन, त्याची काळजी करू नका. त्यानंतर आपण पुन्हा एका ठिकाणी असणार नाही. मरणानंतर भेट होते यावर तुमचाही विश्वास नव्हता आणि माझाही नाही. हाडं जवळ असणं एवढंच काय ते हातात होतं, आणि तेही मी त्या फोनवर सोडून दिलं.

तुम्हाला जागा हवी होती ती जिथे कुणी हलवणार नाही अशी. मला हवी आहे ती जिथे कुणीतरी येईल अशी. दोन्हींत चूक काही नाही. पण तुम्ही ठरवताना मला विचारलं नाहीत, आणि मी ठरवलं तेव्हा तुम्ही नव्हता. त्या डेकवर मी तुमचा कोट घालून उभी होते तेव्हा आपल्यापैकी एकाने जरी नीट विचारलं असतं, तरी कुणीतरी एकाने हट्ट सोडला असता, आणि आपण कुठेतरी, कुठेही, एकत्र पडून राहिलो असतो.